१०२४ : एका आकड्याची वंशावळ

१/
मध्यरात्री एखादा सर्व्हर नवे ग्राहक घेणे अचानक बंद करतो. यंत्र धडधाकट असते. मेमरी मोकळी असते, डिस्कवर जागा असते, प्रोसेसर जवळजवळ निवांत असतो. लॉगमध्ये मात्र एकच ओळ पुन्हा पुन्हा उमटत राहते : 'टू मेनी ओपन फाइल्स'. उघड्या फायली फार झाल्या. देखरेख करणारा माणूस झोपेतून उठतो, कुठल्याशा सेटिंगमधला १०२४ हा आकडा खोडून तेथे ६५,५३६ लिहितो, प्रोग्राम पुन्हा सुरू करतो आणि झोपी जातो.

खोडलेला आकडा तेथे कुणी आणि केव्हा लिहिला होता, हा प्रश्न त्या वेळी कुणाला पडत नाही. हा धागा त्याच प्रश्नाचा आहे.

२/
ऑपरेटिंग सिस्टीमच्या पोटातले आकडे हा अभियंत्यांचा विषय, इतिहासाच्या अभ्यासकांनी तेथे डोकावू नये, असा एक समज आहे. तो दोन्ही बाजूंनी सोयीचा असल्यामुळे टिकून राहिला आहे.

कोणत्याही जाणकाराला विचारावे, 'उघड्या फायलींच्या संख्येवर मर्यादा का असते?' उत्तर तयार असते : प्रत्येक उघडी फाइल कर्नलची थोडी मेमरी अडवते, एखादा बिघडलेला प्रोग्राम फायली उघडतच सुटला तर साऱ्या यंत्राला वेठीस धरील, म्हणून लगाम हवा. उत्तर बरोबर आहे. पण त्याने 'मर्यादा का' एवढेच कळते. ती १०२४ च का, ७०० किंवा ९००० का नाही, हे त्यातून कळत नाही. हा दुसरा प्रश्न तंत्राने सुटत नाही. तो कागदपत्रांनी सुटतो.

३/
आधी थोडे यंत्राविषयी.

देवळाबाहेरच्या स्टँडवर चपला ठेवल्या की हातात पत्र्याचा एक बिल्ला येतो. बिल्ल्यावर फक्त क्रमांक असतो. चपला कोणत्या फळीवर आहेत ते स्टँडवाल्यालाच ठाऊक. युनिक्स आणि तिच्या वंशातल्या सर्व ऑपरेटिंग सिस्टीममध्ये फाइल उघडण्याचा व्यवहार असाच चालतो. प्रोग्राम फाइल मागतो, कर्नल त्याला एक लहानसा पूर्णांक देतो. ०, १ आणि २ हे क्रमांक बहुधा आधीच वाटलेले असतात (वाचण्यासाठी, लिहिण्यासाठी आणि तक्रारी नोंदवण्यासाठी). पुढची पहिली फाइल ३. या क्रमांकाला 'फाइल डिस्क्रिप्टर' म्हणतात. पुढचा सारा इतिहास या बिल्ल्यांचा आहे : स्टँडवाल्याने एकूण किती बिल्ले पाडून घ्यावेत, आणि एका गिऱ्हाइकाच्या हाती त्यांतले किती द्यावेत.

४/
ही संख्या जेथे स्पष्ट वाचता येते असा एक जुना अस्सल कागद म्हणजे १९७५ च्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्सचा. न्यू जर्सीतील मरे हिल येथे बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ही प्रणाली घडवली. तिच्या 'पॅरम.एच' नावाच्या छोट्या फायलीत प्रणालीच्या साऱ्या मापांची यादी आहे. एका वेळी चालू शकणाऱ्या प्रोसेस ५०. संपूर्ण यंत्रात एका वेळी उघड्या राहू शकणाऱ्या फायलींच्या नोंदी १००. आणि एका प्रोसेसच्या वाट्याला येणाऱ्या उघड्या फायली : १५.

पंधरा! आजचा एखादा ब्राउझर नुसता सुरू होतानाच याच्या कितीतरी पट फायली उघडतो.

५/
या १५ ला हसण्याआधी ज्या यंत्रावर तो लिहिला गेला ते पाहावे. जुलै १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात रिची आणि थॉम्पसन यांनी स्वतःच्या यंत्राची मोजमापे दिली आहेत : पीडीपी-११/४५, मेमरी १४४ किलोबाइट, आणि त्यांतले ४२ किलोबाइट युनिक्सचे. धाकट्या पीडीपी-११/४० वर तर कर्नलला एका वेळी ६४ किलोबाइटच 'दिसत', आणि त्यातूनही उपकरणांसाठी व चालू प्रोसेससाठी जागा काढून द्यावी लागे.

सहाव्या आवृत्तीत उघड्या फायलीची एक नोंद ८ बाइटांची होती. १०० नोंदी म्हणजे ८०० बाइट. प्रत्येक प्रोसेसची स्वतःची म्हणून जी खासगी जागा कर्नलमध्ये असे ती १,०२४ बाइटांची, आणि तिच्यातच कर्नलचा स्टॅकही मावायचा. (हा १,०२४ आणि शीर्षकातला १०२४ यांचे नाते नाही, त्या दोघांत कुणी गल्लत करू नये.) त्या खोलीत १५ बिल्ल्यांची यादी ३० बाइट खाई.

हे सारे तक्ते ठरावीक लांबीचे होते आणि कर्नल बांधतानाच मेमरीत कोरले जात. आकडा वाढवायचा असेल तर ती फाइल दुरुस्त करून सारा कर्नल नव्याने बांधावा लागे. तेव्हा १५ हा कंजूषपणा नव्हता. चार खणांच्या घरात ज्या हिशेबाने फळ्या ठोकतात, त्या हिशेबाने ठोकलेली ती फळी होती.

६/
यातला एक बारकावा फार बोलका आहे. ५० प्रोसेस गुणिले १५ फायली म्हणजे ७५०. पण यंत्रात नोंदी १००. म्हणजे प्रत्येकाने आपल्या हक्काचे सारे मागितले तर प्रणाली ते देऊच शकत नव्हती. एका प्रोसेसपासून दुसरी जन्मली की दोघी एकच नोंद वाटून घेत, त्यामुळे प्रत्यक्षात निभावत असे. तरीही कधी तक्ता भरलाच, तर यंत्राच्या कन्सोलवर 'नो फाइल' अशी दोन शब्दांची ओळ छापली जाई.

म्हणूनच चुका दोन प्रकारच्या मानल्या गेल्या. साऱ्या यंत्राचा तक्ता भरला तर चूक क्रमांक २३. एकट्या प्रोसेसचा वाटा संपला तर क्रमांक २४. आजच्या लिनक्समध्ये हेच दोन प्रसंग, हेच दोन क्रमांक. मधल्या काळात यंत्रे गेली, कंपन्या बुडाल्या, भाषा बदलल्या. २३ आणि २४ आहेत तेथेच आहेत.

७/
हे आकडे आज वाचता तरी कसे येतात? साधनांचा विचार करणाऱ्यांनी येथे थोडे थांबावे.

न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील अध्यापक जॉन लायन्स यांनी १९७६-७७ च्या सुमारास सहाव्या आवृत्तीचा संपूर्ण कर्नल छापून, त्यावर ओळीओळीने भाष्य लिहिले, विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी. त्या मूळ संहितेच्या पुस्तकातली पहिलीच फाइल ही 'पॅरम.एच'. पण १९७९ मध्ये सातवी आवृत्ती आली तेव्हा परवान्याच्या अटी कडक झाल्या आणि मूळ संहिता वर्गात शिकवण्यास बंदी आली. मग लायन्सचे भाष्य झेरॉक्सवर जगले. प्रतीची प्रत, तिची प्रत, अक्षरे पुसट होत गेलेली. त्याला अधिकृत छपाई मिळाली ती १९९६ मध्ये, आणि जुन्या युनिक्सची संहिता सर्वांना खुली झाली २००२ च्या जानेवारीत, कॅल्डेरा कंपनीने परवाना दिल्यावर.

मधल्या वीस-पंचवीस वर्षांत या विषयावर जे सांगितले जाई ते बरेचसे ऐकीव. मराठी वाचकाला बखर आणि अस्सल कागद यांतला फरक वेगळा समजावण्याची गरज नाही. संगणकाच्या इतिहासाचेही दप्तर होते, तेही अनेक वर्षे कुलपात होते, आणि ते उघडल्यावरच अनेक दंतकथांची शहानिशा शक्य झाली.

८/
सातव्या आवृत्तीने (१९७९) १५ चे २० केले. पाचच बिल्ले वाढले. परंतु हा २० पुढे एखाद्या पोथीतल्या पाठासारखा प्रतींमागून प्रतींत उतरत गेला. बर्कली विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी (१९८३) मध्ये २०. त्याच १९८३ मध्ये आलेल्या एमएस-डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक प्रोग्रामच्या तक्त्यात २०. १९९१ मध्ये हेलसिंकीत लिनस टॉरव्हाल्ड्सने प्रसिद्ध केलेल्या लिनक्सच्या अगदी पहिल्या, ०.०१ आवृत्तीत २०.

९/
डॉसची शाखा मोठी गमतीची आहे.

त्याआधी लहान यंत्रांवर गॅरी किल्डॉलच्या सीपी/एम प्रणालीची पद्धत होती. तेथे उघड्या फायलीची ३६ बाइटांची नोंद प्रोग्राम स्वतःच्याच मेमरीत ठेवी. स्टँडवाला नाही, बिल्लाही नाही. ज्याने त्याने आपल्या चपला आपल्याच पिशवीत घालून फिरायचे. त्यामुळे मर्यादा घालण्याचा प्रश्नच नव्हता, आणि सांभाळ करण्याचाही नव्हता. डॉसच्या पहिल्या आवृत्तीने हीच रीत उचलली.

मायक्रोसॉफ्ट त्याच काळात झेनिक्स या नावाने युनिक्सही विकत होती. दुसऱ्या डॉसमध्ये झेनिक्सच्या धर्तीवर बिल्ल्यांची पद्धत आली आणि बिल्ल्यांबरोबर मर्यादाही आली. साऱ्या यंत्राला मिळून, काही न सांगितल्यास, ८ फायली. वाढवायच्या असतील तर 'कॉन्फिग.सिस' मध्ये 'फाइल्स=२०' अशी ओळ लिहायची. एकेका प्रोग्रामला मात्र २० च, आणि त्यांतले ५ जन्मतःच खर्ची पडलेले : कळफलक, पडदा, चुकांची वाट, जोडउपकरण, प्रिंटर. उरले १५.

१०/
डीबेस थ्री प्लस हा डेटाबेस प्रोग्राम ज्यांनी पाहिला असेल, त्यांना त्याच्या नियमांतला एक आकडा आठवेल : एका वेळी सर्व प्रकारच्या मिळून १५ फायली. नव्वदच्या दशकातल्या आपल्याकडच्या संगणकवर्गांतही डीबेस आणि फॉक्सप्रो शिकवले जात, 'फाइल्स=२०' ही ओळ घोकून घेतली जाई. वही-पेन्सिल घेऊन बसलेल्या त्या विद्यार्थ्यांपुढे २० वजा ५ चा हा हिशेब मांडला गेला असता तर पाठांतराचे ओझे तरी कमी झाले असते. आकड्याचा इतिहास कापून टाकला की त्याचा मंत्र होतो, आणि शिक्षण मंत्रांवर चालू लागते.

११/
आता मुख्य वळण. ४.२ बीएसडीने १९८३ मध्ये सॉकेट आणले, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्राशी बोलण्याची खिडकी. या खिडकीसाठी निराळी व्यवस्था न करता तिलाही फायलीसारखाच बिल्ला देण्यात आला. युनिक्सच्या 'सर्व काही फाइल' या वृत्तीला ते शोभणारेच होते, आणि रचना म्हणून देखणेही.

पण त्या क्षणी मर्यादेचा अर्थ पालटला, आणि हे पुरेसे कुणी नोंदवलेले दिसत नाही. तोवर बिल्ला म्हणजे डिस्कवरचा कागद होता. एका प्रोग्रामला एका वेळी वीसाहून अधिक कागद क्वचितच लागत. सॉकेट आल्यावर बिल्ला म्हणजे पलीकडे वाट पाहणारा माणूस झाला. कागद मोजण्यासाठी ठरवलेला आकडा माणसे मोजू लागला. सर्व्हरशी एका वेळी किती जण बोलू शकतात, हे आता उघड्या फायलींच्या मर्यादेवर ठरू लागले, आणि ती मर्यादा ज्यांनी ठरवली होती त्यांच्या डोळ्यांपुढे असे काही कधी नव्हते.

१२/
सॉकेटसोबत आणखी एक गोष्ट आली, आणि शीर्षकातला आकडा तिच्या पोटी जन्मला. अनेक खिडक्या उघड्या असतील तर कोणत्या खिडकीवर कुणी बोलते आहे हे कसे कळावे? त्यासाठी 'सिलेक्ट' नावाची हाक केली गेली. प्रोग्राम बिटांची एक ओळ कर्नलच्या हाती देतो. ज्या क्रमांकाच्या बिल्ल्यावर लक्ष ठेवायचे त्या क्रमांकाचा बिट १. कर्नल तशीच ओळ परत देतो, ज्यावर हालचाल झाली तेवढेच बिट १ ठेवून.

४.२ बीएसडीमध्ये ही ओळ म्हणजे एक साधा पूर्णांक होता. व्हॅक्स यंत्रावर ३२ बिट. बिल्ले २०, बिट ३२. जागा उरत होती. १९८६ च्या ४.३ बीएसडीने बिल्ले ६४ केले, तेव्हा एका पूर्णांकात ते मावेनात. म्हणून बिटांची मोठी पेटी करण्यात आली, आणि शहाणपणाने ती गरजेहून चौपट, २५६ बिटांची ठेवली गेली. पुढे हीच पेटी अनेक प्रणालींत, लिनक्सच्या प्रचलित सी लायब्ररीतही, १०२४ बिटांची झाली.

हाच आपला १०२४.

१३/
पेटीचे माप प्रोग्राम बांधतानाच त्याच्या आत गोठते, खरी मेख येथे आहे. नंतर कर्नलने कितीही बिल्ले देऊ केले तरी जुन्या प्रोग्रामची पेटी १०२४ बिटांचीच, म्हणजे १२८ बाइटांची. अशा प्रोग्रामच्या हाती १०२४ किंवा त्यापुढच्या क्रमांकाचा बिल्ला पडला आणि त्याने तो बिट लावायला घेतला, तर तो पेटीच्या बाहेर लिहितो. शेजारी मेमरीत जे असेल त्यावर. बहुतेक वेळा चूक म्हणून काही छापलेही जात नाही. प्रोग्राम थोड्या वेळाने भलत्याच ठिकाणी कोसळतो, किंवा कोसळतही नाही आणि चुकीची उत्तरे देत राहतो.

म्हणजे १९७५ चा १५ आणि आजचा १०२४ हे दिसायला एकाच घराण्यातले असले तरी त्यांचा स्वभाव वेगळा आहे. १५ मागे यंत्राची गरिबी होती. १०२४ मागे जुन्या प्रोग्रामांना दिलेला शब्द आहे. जाणकार मात्र दोन्हींचे समर्थन एकाच वाक्याने करतात : 'मेमरी वाचते.' १५ च्या बाबतीत ते खरे होते. गिगाबाइटांच्या यंत्रावर १०२४ च्या बाबतीत ते हास्यास्पद आहे.

१४/
शब्द पाळण्याची किंमत कुठवर जाऊ शकते, याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण सन कंपनीच्या सोलारिसचे.

सातव्या आवृत्तीच्या सी लायब्ररीत उघड्या फायलीची जी रचना होती तिच्यात बिल्ल्याचा क्रमांक एका बाइटात ठेवलेला होता. बिल्ले २० च होते, एक बाइट पुष्कळ झाला. ही रचना सोलारिसपर्यंत वारशाने आली. बाइटात २५५ पर्यंतच मोजता येते, म्हणून ३२-बिटी सोलारिसवर या लायब्ररीतून २५५ च्या पुढच्या क्रमांकाची फाइल उघडता येईना. कर्नल हजारो बिल्ले द्यायला तयार. लायब्ररी ते घ्यायला असमर्थ. तो एक बाइट रुंद का करू नये? कारण अक्षर वाचण्यासारखी कामे करणारे लायब्ररीचे तुकडे बांधणीच्या वेळीच ग्राहकांच्या प्रोग्रामांत मिसळून गेले होते. रचनेचे माप बदलले असते तर आधी विकले गेलेले, बांधून तयार असलेले असंख्य प्रोग्राम मोडले असते, आणि जुने प्रोग्राम मोडू न देणे हीच सनची पत होती.

मग लोकांनी वाटा काढल्या. अपाची हा वेब सर्व्हर आपल्या लॉग फायली मुद्दाम वरच्या क्रमांकांवर नेऊन ठेवू लागला, जेणेकरून खालचे क्रमांक लायब्ररीसाठी मोकळे राहावेत. गाडीत म्हाताऱ्यांसाठी खालची बाके सोडावीत तसे. अधिकृत तोडगा निघेपर्यंत एकविसाव्या शतकाचे पहिले दशक अर्धेअधिक सरले होते.

१५/
लिनक्सच्या २० विषयी दोन शब्द. टॉरव्हाल्ड्सच्या यंत्रात ४ मेगाबाइट मेमरी होती. पीडीपी-११ च्या मानाने ती श्रीमंती. त्याने कर्नल स्वतः लिहिला होता, ओळी नव्या होत्या. तरी प्रत्येक प्रोसेसच्या उघड्या फायली २०. मजकूर नवा, आकडा जुना. पुढे त्याचे २५६ झाले, मग १०२४. आणि नंतर कर्नलने आपल्या बाजूची कमाल मर्यादा १०,४८,५७६ पर्यंत नेली. पण प्रोसेसला सुरुवातीला मिळणारा वाटा १०२४ च राहिला. येथे मर्यादेचे दोन थर ध्यानात घ्यावेत : 'मृदू' मर्यादा, जी प्रत्यक्ष लागू असते आणि प्रोसेसला स्वतः वाढवता येते, आणि 'कठोर' मर्यादा, जिच्यापलीकडे सामान्य प्रोसेसला जाता येत नाही.

१६/
१९९९ मध्ये डॅन केगेल या अभियंत्याने एक प्रश्न मांडला, जो पुढे 'सी-टेन-के' या नावाने गाजला : एका सर्व्हरने एका वेळी दहा हजार ग्राहक का सांभाळू नयेत? यंत्रांची ताकद पाहता ते शक्य होते, आणि सीडीरॉम.कॉम या फाइल वाटणाऱ्या स्थळाने त्याच वर्षी ते करूनही दाखवले होते. अडसर होता तो सॉफ्टवेअरच्या सवयींचा. बिल्ल्यांच्या मर्यादा, आणि प्रत्येक वेळी सारी पेटी वरपासून खालपर्यंत चाळणारा सिलेक्ट. या चर्चेच्या काळातच २००० साली फ्रीबीएसडीत 'केक्यू' आणि २००२ मध्ये लिनक्सच्या विकासशाखेत 'ईपोल' आले. त्यांत पेटीच नाही. कर्नल स्वतः लक्ष ठेवतो आणि ज्या बिल्ल्यावर हालचाल झाली तेवढाच सांगतो.

तंत्राची अडचण अशी वीसेक वर्षांपूर्वीच सुटली. आकडा तरीही हलला नाही.

१७/
येथवर वाचून कुणी म्हणेल, मग मर्यादाच काढून टाका. हा निष्कर्ष घाईचा आहे. मर्यादेचा एक मोठा उपकार असा की गळती लवकर उघडकीस येते. फाइल उघडून बंद करायला विसरणारा प्रोग्राम हजाराव्या फायलीला अडखळतो आणि चूक सापडते; मर्यादा नसती तर तोच प्रोग्राम महिनाभर यंत्राची मेमरी कुरतडत राहिला असता.

मर्यादेची दुसरी बाजू हल्लेखोरांनाही ठाऊक होती. गुप्त किल्ल्या बनवण्यासाठी प्रोग्रामांना अनिश्चित संख्या लागतात, आणि युनिक्सवर त्या एका विशेष फायलीतून वाचल्या जात. एखाद्या प्रोग्रामचे सारे बिल्ले मुद्दाम संपवले तर ती फाइल उघडता येत नाही, आणि ढिसाळपणे लिहिलेला प्रोग्राम मग कच्च्या संख्यांवर काम भागवतो. सुरक्षेसाठी घातलेला बांध असा शस्त्रासारखा वापरता येत होता. २०१४ मध्ये ओपनबीएसडी आणि लिनक्स या दोघांनीही बिल्ल्याशिवाय अशा संख्या देणारी नवी हाक दिली, त्यामागच्या कारणांत हे एक होते.

१८/
आकडा वाढवण्याचा धाडसी प्रयत्न झाला तो डिसेंबर २०१८ मध्ये. बहुतेक लिनक्स यंत्रांवर सेवा सुरू-बंद करणाऱ्या 'सिस्टमडी' च्या २४० व्या आवृत्तीने कठोर मर्यादा ५,२४,२८८ केली, आणि कर्नलची स्वतःची कमाल मर्यादा शक्य तितकी उंच नेली : १,०७,३७,४१,८१६. एकशे सात कोटींहून अधिक.

याचा एक परिणाम अनपेक्षित होता. डॉकरसारख्या काही सेवांच्या सेटिंगमध्ये 'मर्यादा : अमर्याद' असे पूर्वीच लिहून ठेवलेले होते. त्याचा अर्थ तोवर सुमारे साडेदहा लाख असा होत असे. आता तो एकशे सात कोटी झाला. आणि जुन्या युनिक्स प्रोग्रामांची एक शिस्तबद्ध सवय होती : काम सुरू करताना, वारशाने आलेल्या फायली उघड्या राहू नयेत म्हणून, ३ पासून मर्यादेपर्यंतचा प्रत्येक बिल्ला एकेक करून बंद करायचा. मर्यादा २० असताना हे सतरा वेळा होई. १०२४ असतानाही निमिषात होई. आता तोच प्रोग्राम शंभर कोटी न उघडलेली दारे एकेक करून बंद करत बसला. प्रोसेसर पूर्ण वेगाने फिरतो आहे, काम काहीच होत नाही. दुसरे काही प्रोग्राम मर्यादेइतका मोठा तक्ता आधीच आखून ठेवत; त्यांनी गिगाबाइटांनी मेमरी अडवली.

१९/
हा प्रसंग केवळ गमतीचा नाही. या धाग्याच्या मुळाशी असलेल्या म्हणण्याचा तो पुरावा आहे. ज्यांनी 'अमर्याद' लिहिले त्यांना तो शब्द एका ठरावीक संख्येवर विसंबून आहे हे माहीत नव्हते. ज्यांनी दारे बंद करण्याची सवय लावली त्यांना मर्यादा कायम लहान राहील असे वाटले होते. दोन्ही गोष्टी जुन्या संहितांत स्वच्छ वाचता येतात. कुणी वाचल्या नाहीत, एवढेच. सॉफ्टवेअरच्या जगात इतिहास म्हणजे संस्थापकांची चरित्रे आणि गॅरेजच्या कथा, असे धरून चालण्याची ही किंमत आहे. 'पॅरम.एच' सारख्या रुक्ष यादीत जितका इतिहास आहे तितका त्या चरित्रांत नाही, आणि ती यादी वाचण्यासाठी अभियंता असावे लागत नाही. जमाखर्चाचे कागद वाचणाऱ्याची चिकाटी पुरते.

२०/
दारे बंद करण्याच्या सवयीवर २०२० मध्ये लिनक्सच्या ५.९ आवृत्तीने इलाज केला : 'या क्रमांकापासून त्या क्रमांकापर्यंत सारे बंद' असे एकाच हाकेत सांगता येऊ लागले.

आणि मृदू मर्यादा? मॅकवर ती अनेक वर्षे २५६ राहिली आहे. सिस्टमडीच्या कर्त्यांनी कठोर मर्यादा पाच लाखांवर नेताना मृदू मर्यादेला हात लावला नाही. ती १०२४ च ठेवली, आणि कारणही सांगितले : सिलेक्ट वापरणारे जुने प्रोग्राम अजून हयात आहेत, त्यांच्या पेटीबाहेरचा बिल्ला त्यांच्या हाती पडू नये. ज्या नव्या प्रोग्रामला अधिक हवे असेल त्याने सुरू होताच स्वतःची मृदू मर्यादा कठोर मर्यादेइतकी वाढवून घ्यावी; असे करणे म्हणजेच 'आपण सिलेक्ट वापरत नाही' असे कबूल करणे. आणि अशा प्रोग्रामला आपल्यातून दुसरा प्रोग्राम सुरू करायचा असेल, तर तो कोणत्या काळातला निघेल याचा नेम नसल्यामुळे, त्याला पुढे सोडण्यापूर्वी आकडा पुन्हा १०२४ वर आणून ठेवावा.